पाण्याला कोण बसणार?

सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि आमच्या भागात तेही रात्री दीडच्या पुढं कधीतरी. यावरून आमच्या गल्लीत माणशी किमान एक स्वतंत्र शिवी आहे. मी मात्र गेली तीन वर्षं या वेळापत्रकावर मनातून खूश आहे. हे कुठं बोलत नाही. गल्लीत राहायचंय.

"आजपासून पाण्याला मी बसणार," असं मी पहिल्यांदा म्हणालो, तेव्हा बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. आईनं तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना सांगितलं, "आमचा दहाला मेडिकल बंद करून येतो, तरी पाण्याला तोच बसतोय बघा. सूनबाईला उठू देत नाही." त्या काकूंच्या यजमानांनी तेव्हापासून माझ्याशी बोलणं कमी केलं आहे.

आता खरं सांगतो. पाण्याची वाट बघत बसलेला माणूस हॉलमध्ये अंधारात टीव्ही लावून बसला, तर जगात कुणालाच संशय येत नाही. आणि चाळीस वर्षांच्या, दोन मुलांच्या बापाला मारामारीचा, दरोड्याचा, शिवराळ गेम खेळायला अख्ख्या आठवड्यात दुसरी वेळ नाही.

या नादाची सुरुवात डी. फार्मसीला असताना झाली. सात रस्त्याजवळ एक सायबर कॅफे होता. प्लायवूडचे खोके, खोक्याला पडदा, तासाला वीस रुपये. जीटीए व्हाइस सिटी हा गुंडगिरीचा गेम निघाला 2002 मध्ये, कॉम्प्युटरवर आला 2003 मध्ये, आणि पुढची दोन वर्षं आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची हजेरी त्या खोक्यांत लागत होती. आम्हाला मिशन कळायची नाहीत, इंग्रजी कळायचं नाही. पण चीट कोड, म्हणजे गेमला फसवायचे गुप्त शब्द, पाठ. कीबोर्डवर 'पॅन्झर' टाइप केलं की आभाळातून पडल्यासारखा रणगाडा समोर हजर. अंगात जीव उरला नसेल तर 'ॲस्पिरिन', पण शेवटी एक जादा ई घालून. त्या ई-नं माझा घात केला. फार्मसीच्या परीक्षेत मी ॲस्पिरिनचं स्पेलिंग ई लावून लिहून आलो. सरांनी त्या ई-भोवती लाल गोल काढून समोर प्रश्नचिन्ह केलं होतं. अजून दुकानात बिल करताना ॲस्पिरिन आलं की करंगळी शिवशिवते.

आणि सगळ्यात लाडका कोड म्हणजे 'लीव्ह मी अलोन'. मध्ये जागा न सोडता, एका दमात टाइप करायचं. मागे लागलेले पोलीस जागच्या जागी नाद सोडून द्यायचे. लग्नानंतर हा कोड मी वेगवेगळ्या शब्दांत, वेगवेगळ्या आवाजांत वापरून पाहिला. चालत नाही.

लॉकडाउनमध्ये लोक घरी बसून गेम खेळत होते, तेव्हा आमचं दुकान उघडं होतं. त्याची भरपाई म्हणून 2021 मध्ये मी एका मित्राचा जुना प्लेस्टेशन फोर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, घेतला. सोबत दोन डिस्क फुकट. "का विकतोय बे?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "पोरगं रांगायला लागलं बे." मला तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध कळला नाही. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, मुलगा वर्षाचा. मला वाटलं, लहान आहेत, त्यांना काय कळतंय.

डिस्कच्या कव्हरवर लाल चौकोनात 18 लिहिलेलं असतं. ही युरोपातली पद्धत, 2003 पासूनची. अमेरिकेत 1994 पासून वेगळी, तिथं अशा गेमवर एम लिहितात, म्हणजे सतराच्या पुढं. या लोकांनी अठरा वर्षांखालच्यांना वाचवण्याची सगळी व्यवस्था केली. अठराच्या वरच्यानं हे घरात कसं खेळायचं, यावर एक ओळ नाही.

मोठीला पहिल्यांदा ते कव्हर सापडलं तेव्हा तिनं विचारलं, "पप्पा, अठरा म्हणजे काय?"

"अठरा लेव्हल आहेत."

"आणि ही मूठ?"

कव्हरच्या मागं मूठ काढलेली असते, मारामारीची. "व्यायाम," मी म्हणालो.

धाकट्यानं विचारलं ते मात्र अवघड होतं. पण ते नंतर, तो शाळेत जायला लागल्यावर. मुठीच्या शेजारी एक बुडबुडा असतो, कार्टूनमधल्या माणसाच्या तोंडातून निघतो तसा, आणि आत वेड्यावाकड्या खुणा. यात शिव्या आहेत, असा त्याचा अर्थ. धाकटा नुकताच एबीसीडी गिरवत होता. त्या खुणांवर बोट ठेवून म्हणाला, "पप्पा, ही कुठली अक्षरं? आम्हाला नाही शिकवली."

"ती पुढच्या इयत्तेत आहेत," मी म्हणालो. पोरानं विश्वास ठेवला. मी मात्र विसरलो.

रात्रीच्या आधी मी दुपारचा प्रयोग करून पाहिला होता. मे महिना, बाहेर 43, दुकान दोन ते पाच बंद. सगळे झोपतील या हिशेबानं मी रेड डेड रिडेम्प्शनचा दुसरा भाग लावला. हा 2018 चा गेम, जुन्या अमेरिकेतल्या दरोडेखोरांचा. याची सुरुवात डोंगरातल्या बर्फात होते. गुडघाभर बर्फ, घोड्यांच्या तोंडातून वाफा. आमच्या कूलरमध्ये घालायला पाणी नव्हतं. दहा मिनिटांत आई, बायको आणि दोन्ही मुलं टीव्हीसमोर. कुणाला गोष्टीशी देणंघेणं नाही, सगळे बर्फ बघतायत. आईनं तर पदर सावरून घेतला.

"पुढं जाऊ नका हं, पप्पा," मोठी म्हणाली, "खाली ऊन आहे."

चार दिवस माझा दरोडेखोर बर्फात नुसता फिरत होता.

त्यात आमची आई मंगळवेढ्याकडची. ज्वारीचं घर, दारात बैल. तिला दरोडा, बंदूक, सूड, कशाचंच काही वाटलं नाही. तिला दिसला फक्त घोडा. आणि या गेममध्ये घोडं सांभाळावं लागतं, हे तिला दुसऱ्याच दिवशी समजलं. त्याला खायला घालायचं, खरारा करायचा, चिखल लागला तर काढायचा. मेला तर कायमचा मेला. झालं. मी इकडं पिस्तूल काढावं आणि मागून आवाज यावा, "आरं, त्येला खायाला दिलंस का?"

"आई, गोळ्या चालल्यात."

"गोळ्या रोजच्याच हायत. मुकं जनावर हाय त्ये. आडोशाला बांध आधी."

मी बांधलं. काय करणार! मागून गोळ्या खात झाडाला घोडा बांधणारा पश्चिम अमेरिकेतला तो पहिलाच दरोडेखोर असेल. पुढं तिला कळलं, की रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायचं बटण आहे. मग तर संपलंच. "त्यो बघ म्हातारा चाललाय. राम राम घाल." मी प्रत्येकाला राम राम घालत सुटलो. गेममध्ये एक इज्जतीचा काटा असतो, चांगलं वागलं की एका बाजूला, वाईट वागलं की दुसऱ्या. माझा काटा सज्जनपणाच्या बाजूला सरकतच गेला. अठरा वर्षांवरचा हा गेम आमच्या घरात पंधरा दिवस मालिकेसारखा चालला आणि सुरुवातीचा रेल्वेवरचा दरोडा सोडला, तर त्यात एकही दरोडा पडला नाही. मी ती डिस्क कपाटात टाकली. आई अजून मधूनच विचारते, "घोडं बरं हाय का?"

म्हणून मग रात्र आणि म्हणून पाणी.

याला एक तंत्र आहे. हौदाचा नळ उघडा ठेवायचा आणि त्याखाली स्टीलची रिकामी बादली. पाणी येण्याआधी नळ पाच-सात मिनिटं नुसता फुसफुसतो, मग खोकतो, मग तांबूस पाण्याची धार बादलीत पडते. ते पाणी फरशीला. स्वच्छ आलं की बादली काढून हौद भरून घ्यायचा, मग मोटार लावून गच्चीवरची टाकी. टाकी भरली की मोटार बंद. हेडफोनचा डावा कान गेमला, उजवा बाजूला सरकवून बादलीला. उजनीहून सोलापूरपर्यंत शंभरावर किलोमीटरची दुसरी जलवाहिनी, मग रोज पाणी, अशी चर्चा गल्लीत निघाली की मी मान डोलावतो. सार्वजनिक हिताच्या आड आपण कधी आलो नाही. पण पोटात गोळा येतो.

रात्रीचा गेम म्हणजे जीटीएचा पाचवा. 2013 चा, प्लेस्टेशन फोरवर 2014 मध्ये आला. यात मायकेल नावाचा एक निवृत्त दरोडेखोर आहे. पोट सुटलंय, बायको ऐकत नाही, मुलगा दिवसभर गेम खेळत लोळतो म्हणून हा वैतागलेला. मी रात्री दोन वाजता चोरून गेम खेळत मनापासून या बापाची बाजू घेत असतो. काय ही आजकालची पोरं!

आवाजाचा बंदोबस्त मी केला होता, उजेडाचा विसरलो. या गेममध्ये पोलीस मागे लागले की हातातल्या रिमोटच्या पुढच्या पट्टीत लाल-निळा, लाल-निळा असा दिवा लुकलुकतो. मला तो दिसायचा नाही, कारण पट्टीचं तोंड टीव्हीकडे. पण टीव्हीखाली आमचं शोकेस आहे, त्याची काच. काचेवरून तो उजेड भिंतीवर, भिंतीवरून पॅसेजमध्ये. एका रात्री धाकटा शू करायला उठला. पॅसेजच्या तोंडाशी चड्डी धरून उभा. भिंतीवर लाल-निळा उजेड आणि मधोमध बाप.

"पप्पा, तुम्ही पोलीस आहात?"

मी काय सांगायला हवं होतं? की मी पोलीस नाही, पोलीस ज्याच्या मागे लागलेत तो मी आहे? पोलीस जेवढे जास्त मागे, तेवढ्या चांदण्या, आणि मला पाचच्या पाच लागल्यात? मी म्हणालो, "हो. पण कुणाला सांगू नकोस."

त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्यापेक्षा वाईट केलं. दर पाण्याच्या रात्री तो उठायला लागला. न चुकता. मांडीला मांडी लावून शेजारी बसतो आणि तक्रारी नोंदवतो. आजीचा चष्मा चोरीला गेलाय. ताईनं शेंगाची चटणी एकटीनं संपवली. वर्गातल्या एकानं खोडरबर घेतलंय, त्याला पकडा.

आता मला या गेममध्ये पोलीस व्हावं लागलं. पण या गेममध्ये पोलिसांची गाडी मिळवायची एकच सोपी पद्धत आहे. ती पोलिसांकडून चोरायची. म्हणजे तो उठायच्या आत गाडी चोरायची, पाठलागाचे दिवे विझेपर्यंत गल्लीबोळांत लपायचं आणि साहेब डोळे चोळत आले, की सभ्यपणे गस्त घालत हिंडायचं. ज्या गेमसाठी मी घरच्यांना फसवतो, त्यात मी आता सिग्नलला थांबतो, माणसं वाचवत गाडी चालवतो आणि खोडरबरचोर शोधतो.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. पाणी दोनला आलं, चांगल्या दाबानं. हौद भरला, मोटार लावली. धाकटा येऊन बसला. "आज सायरन लावा."

मी बटण दाबलं. गाडीवरचे दिवे फिरायला लागले. टीव्हीचा आवाज अर्थातच बंद.

"वाजत नाही, पप्पा."

"वाजतोय. माझ्या कानात वाजतोय. सगळे झोपलेत ना."

साहेबांना ते पटलं नाही. एक दीर्घ श्वास घेतला, ओठांचा चंबू केला आणि त्यांनी स्वतःच सायरन द्यायला सुरुवात केली. पाच वर्षांच्या पोराच्या छातीत एवढी हवा कुठून येते, हे मला फार्मसीत शिकवलं नव्हतं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवेपर्यंत बेडरूमचा दिवा लागला, मोठी उठली, गल्लीतली दोन कुत्री सामील झाली. बायको दारात उभी. मी रिमोट लुंगीखाली सारला. गडबडीत माझी गाडी पोलिसांवरच आदळली होती, त्यामुळं तिथूनही लाल-निळा, लाल-निळा.

मी शिक्षेची वाट बघत होतो. तिनं टीव्हीकडे बघितलंसुद्धा नाही. तिचा कान वर होता.

"अहो, टाकी."

तेव्हा मला ऐकू आलं. गच्चीवरून पाणी पडत होतं, धो धो, पन्हाळीतून शेजारच्या काकूंच्या अंगणात. चार दिवसांचं पाणी. सोलापुरात माणसाला दरोडा माफ होईल, टाकी वाहू देणं माफ होत नाही. मोटार बंद करायला मी धावलो, पण तोवर आई पॅसेजमध्ये आली होती. तिनं पाण्याचा आवाज ऐकला, हॉलमधला उजेड बघितला, माझ्या हातातला रिमोट बघितला आणि मंगळवेढ्याच्या शिवारात बैल चुकल्यावर तिचे वडील जे बोलत असतील, ते सगळं ती एका दमात बोलली. सुरुवात 'मुडद्या'पासून झाली, हे मी सांगू शकतो. पलीकडून खिडकी उघडली आणि काकूंनी राहिलेलं पूर्ण केलं. त्यांचे यजमानही बोलले, बऱ्याच दिवसांनी माझ्याशीच बोलले.

मी धाकट्याचे कान झाकले, पण उशीर झाला होता. त्यानं माझे हात बाजूला केले आणि मोठ्या कुतूहलानं विचारलं,

"पप्पा, पुढच्या इयत्तेतली अक्षरं ती हीच का?"