धाकट्याचं नागरिकत्व आणि बांधाकडचं रान

धाकट्या भावानं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. पाच वर्षांत १,०९५ दिवस तिथं भरले, परीक्षा दिली आणि राजे चार्ल्स यांच्याशी निष्ठेची शपथ घेतली. आमचं घर कुंडलच्या पंचक्रोशीतलं. पत्री सरकारच्या वेळी आज्जी भूमिगतांना भाकरी पोचवायची, आणि नातू इंग्रजांच्या राजाची शपथ घेतोय! आईला हे अजून सांगितलेलं नाही.

गावात मात्र बोभाटा झाला, "पोराला डबल नागरिकत्व मिळालं." पारावर चारदा सांगितलं, बाबांनो, तसलं काही नसतं. कॅनडाला चालतं, आपल्याला चालत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सरळ आहे. आपखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं तिथंच संपलं. अर्ज नको, सही नको. जुना पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. त्या पासपोर्टवर पुन्हा प्रवास केला तर गुन्हा. आमचा बहाद्दर व्हिसाचे पैसे वाचवायला त्याच्यावरच जत्रेला यायला निघाला होता. फोनवर चांगला झापला.

मग त्यानं ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड काढलं. माझ्या मते सगळा घोळ या नावानं घातलाय. 'ओव्हरसीज सिटिझन' म्हटल्यावर कुणालाही नागरिकच वाटणार. २०१५ साली कायद्यात पुढं 'कार्डहोल्डर' जोडलं, पण ते वाचतंय कोण? आयुष्यभर येण्याजाण्याची मुभा, घर-फ्लॅट घ्या. मतदान नाही, निवडणुकीला उभं राहणं नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

नेमकं तिथंच अडलं. बांधाकडचं वीस गुंठे द्राक्षाचं रान विकायला निघालं. पैसे धाकट्याकडं, हौसही त्याचीच. एक एजंट "करू की मॅनेज" म्हणत टोकन मागायला लागला. धाकटा म्हणाला, "अण्णांच्या मागं सातबाऱ्यावर माझं नाव लागलंच की!" लागलं, कारण ते वारसानं आलं. वारसानं आलेलं चालतं, खरेदी चालत नाही. चिडला. "दादा, मी माझ्याच गावात परका?"

पोटात तुटलं. तरी मी कायद्याच्याच बाजूनं आहे. डॉलरवाले रानात उतरले तर इथं कसणाऱ्या पोराला गुंठा तरी परवडेल का? मताचंही तेच. ताकारी उपसा योजनेचं पाणी कधी सुटतंय म्हणून जो वाट बघत बसतो, त्यानंच आमदार निवडावा. आणि यायचंच असेल तर दार बंद नाही. कार्डाला पाच वर्षं झाली आणि अर्जाआधीचे बारा महिने इथं राहिला, तर नोंदणीनं पुन्हा भारतीय व्हायला अर्ज करता येतो. फक्त मग कॅनडाचं नागरिकत्व सोडायचं. हे सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

रान शेवटी मीच घेतलं, माझ्या नावावर, कर्ज काढून. आई रोज विचारते, "त्याचं नाव का न्हाय लावलं रं?"

तिला राजाच्या शपथेपासून सांगावं लागेल.