‘लाइट लागते म्हणजे बॅटरी ठीक’? एका फॉरवर्डची झाडाझडती

ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘सेल्फ फिरतो पण गाडी स्टार्ट होत नाही? लाइट लागत असेल तर बॅटरी ठीक. नोझलचे नट ढिले करून एअर काढा. नाही झाली तर हवेच्या पाइपात इथर मारा. तरीही नाही, तर पंप गेला, लॅबला द्या.’ (सेल्फ म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, एअर म्हणजे डिझेलच्या लाइनीत अडकलेली हवा, इथर म्हणजे चटकन पेटणारा स्प्रे, लॅब म्हणजे डिझेल पंप दुरुस्तीचं वर्कशॉप.) यातलं एअर काढणं तेवढं जुन्या गाडीपुरतं बरोबर. बाकीचं खर्चात पाडणारं.

बॅटरीपासून धरू. लाइटला मोजके अँपिअर लागतात, सेल्फला शेकडो. त्यामुळे लाइट लागली, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची, म्हणजे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या. बंद गाडीत मीटरवर २५ च्या आसपास हवं आणि सेल्फ मारताना १८-१९ च्या खाली जायला नको. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एक मेलेली दुसरीच्या जिवावर तग धरून असते. बॅटऱ्या ठीक आणि तरी सेल्फ सुस्त? मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (वायरच्या टर्मिनलवर नाही, खांबावरच), दुसरं इंजिन ब्लॉकवर धरून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंग खराब. चासीला रंग मारताना अर्थिंगच्या बोल्टखाली रंग जातो, नंतर सगळे बॅटरीला शिव्या देतात. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. इंजिन सावकाश फिरलं की ती उष्णता सिलिंडरच्या भिंतीतच मुरते.

आता नट. इनलाइन पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळं डिझेल ढकलणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पंपाच्या) गाडीत आधी हँड पंप मारून फिल्टरच्या आणि मग पंपाच्या ब्लीडिंग स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढायची. नोझलचे नट सगळ्यात शेवटी. कॉमन रेलवर (जिथे ‘रेल’ नावाच्या एकाच जाड नळीत दाबाखालचं डिझेल साठून सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे नोझलना, जातं) मात्र त्या नटाला पाना लावूच नका. रेलमध्ये साधारण २०० बारच्या पुढे दाब झाल्याशिवाय ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही; नट ढिला असेल तर तो दाब बनणार कुठून? शिवाय तेवढ्या दाबाची धार कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणीएवढं भोक, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण तातडीने सर्जन गाठावा लागतो. बीएसचा (धुराच्या सरकारी मानकाचा) नंबर बघून निर्धास्त होऊ नका: अशोक लेलँडच्या आयईजीआर तंत्राच्या बीएस-४ गाड्या इनलाइन पंपावरच होत्या. पाइप बघा. पंपातून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पाइप गेला असेल तर इनलाइन. सगळे एका जाड नळीतून फुटत असतील तर कॉमन रेल.

एअर काढूनही गाडी परत एअर धरत असेल तर ती शिरते कुठून ते शोधा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची) लाइन ओढीवर चालते, म्हणून तिथली चीर बाहेर डिझेल गाळत नाही, आत हवा घेते. फीड पंपाला वेगळा पाइप जोडून तो डिझेलच्या कॅनमध्ये सोडा. गाडी स्टार्ट झाली तर दोष टाकीच्या बाजूचा: जाळी, पाइप नाहीतर वॉशर.

इथरबद्दल एवढंच: इनटेकमध्ये हीटर असलेल्या गाडीत तिथेच भडका उडतो, नसेल तिथे अवेळी पेटून रिंगा आणि पिस्टन जातात.

पंपावर बोट ठेवण्याआधी सेल्फ मारताना सायलेन्सर बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही: फेरे कमी, कॉम्प्रेशन कमी किंवा टायमिंग. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही: जुन्या गाडीत (इंजिन बंद करायला डिझेल तोडणारी) स्टॉप केबल अडकलेली किंवा स्टॉप सोलेनॉइड बंद, कॉमन रेलमध्ये आरपीएमचा काटा हलतही नसेल तर आधी क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा) आणि त्याची वायर, मग रिले-फ्यूज. झिजलेला पंप बहुधा आधी काही दिवस गाडीची ताकद कमी करून, ती उशिरा स्टार्ट होऊन सांगत असतो.

कॉमन रेलच्या फिल्टरमधलं डिझेल पांढऱ्या वाटीत ओता. चंदेरी भुकटी (पंप झिजून पडलेला धातू) चमकली तर लॅबचा रस्ता खरा. पण मग नुसता पंप बदलून भागणार नाही. तीच भुकटी रेल, इंजेक्टर आणि रिटर्न पाइपातून टाकीपर्यंत गेलेली असते.