नोटरीचे रजिस्टर ही वकिलाची खासगी वही नव्हे

गृहनिर्माण संस्थांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. दस्त प्रमाणित करणारा नोटरी ज्या रजिस्टरात आपल्या कामांची नोंद ठेवतो, ते रजिस्टर म्हणजे त्या वकिलाची खासगी वही असते, तिच्यात सही करणे ऐच्छिक आहे, ती कोणी तपासत नाही, परदेशात तर असले रजिस्टरच नसते, दस्तावर गोल शिक्का उमटला की तो कोर्टात पक्का झाला आणि मूळ कागद हरवलाच तर नोटरीकडे प्रत असतेच, असे त्यात ठासून सांगितले आहे. यांतल्या एका विधानात थोडे तथ्य आहे, पण बाकीच्यांवर विसंबून एखाद्याने घराचे व्यवहार केले तर ते त्याला महागात पडेल.

‘खासगी वही’ हा शब्दच मुळात चुकीचा आहे. नोटरी अधिनियम 1952 चा आणि त्याखालील नोटरी नियम 1956 चे. या नियमांपैकी अकराव्या नियमानुसार प्रत्येक नोटरीने ठरवून दिलेल्या नमुन्यात, म्हणजे नमुना 15 मध्ये, रजिस्टर ठेवलेच पाहिजे. इतकेच नव्हे, तर नवे रजिस्टर वापरात आणण्यापूर्वी त्यात एकूण किती पाने आहेत याचा दाखला पहिल्या पानावर लिहून त्याखाली तारखेसह सही करावी लागते. मागाहून एखादे पान फाडता येऊ नये किंवा घुसडता येऊ नये, हा त्यामागचा साधा हेतू आहे. स्वतःच्या डायरीची पाने मोजून कोणी त्यावर दाखला लिहीत नाही.

सही ऐच्छिक असल्याचे सांगणाऱ्याने तो नमुना पाहिलेला दिसत नाही. अनुक्रमांक, तारीख, कामाचा प्रकार, संबंधित व्यक्तीचे नाव व पूर्ण पत्ता, दस्तातील मजकूर, दस्तावर लावलेले नोटरी तिकीट, घेतलेली फी अशा रकान्यांबरोबर त्यात संबंधित व्यक्तीच्या सहीचाही रकाना आहे. तो कधी कधी भरला जात नाही, हे मात्र खरे आहे. काही वर्षांपूर्वी आईच्या प्रतिज्ञापत्रासाठी कोर्टाजवळच्या एका कार्यालयात गेलो होतो, तेव्हा खाली उभ्या असलेल्या एजंटाने “आजींना कशाला दोन जिने चढवता, सही घरूनच आणा, साहेब संध्याकाळी रजिस्टर भरतात” असा सल्ला दिला. तरीही आईला वर नेले. रजिस्टर उघडल्यावर तिच्या सहीच्या ओळीच्या वरच्या पाच ओळी कोऱ्या दिसल्या आणि त्यांत पेन्सिलीने नुसते अनुक्रमांक घातलेले होते. त्या कोऱ्या ओळी कशासाठी राखल्या होत्या, हे मी विचारले नाही; पण मागची तारीख घालायची झाली तर जागा अशीच लागते, हे कोणालाही कळेल.

परदेशाबद्दलचे विधान तर उलटेच आहे. पुण्यातला फ्लॅट विकण्यासाठी कॅलिफोर्नियातून कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा दस्त, पाठवणारी मराठी कुटुंबे थोडी नाहीत. तिथल्या नोटरीला क्रमवार नोंदवही ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि कुलमुखत्यारपत्र असेल तर त्या वहीत सही करणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसाही घ्यावा लागतो. आपल्याकडच्या नमुन्यात ठशाचा रकाना नाही, म्हणजे या बाबतीत सैलपणा असलाच तर तो आपल्याकडे आहे.

आता ‘शिक्का म्हणजे पक्का’ या सर्वांत घातक विधानाकडे वळू. नोटरीसमोर केलेल्या व त्याने अधिप्रमाणित केलेल्या, म्हणजे खरेपणाचा दाखला दिलेल्या, कुलमुखत्यारपत्राबाबत ते रीतसर झाले आहे असे गृहीतक न्यायालय धरते, हे खरे. मात्र ‘नोटरीसमोर केलेले’ हीच त्या गृहीतकाची अट आहे आणि पुरावा देऊन ते खोडूनही काढता येते. समोरच्या पक्षाने दस्त खोटा असल्याचा आक्षेप घेतला, तर नोटरीला रजिस्टरसह साक्षीला बोलावता येते, आणि मग उलटतपासणीत शिक्क्यापेक्षा नोंदीच बोलू लागतात. दस्तावर 14 मार्चची तारीख आणि 412 हा रजिस्टरातील नोंद क्रमांक असेल, पण रजिस्टरात 411 आणि 413 या दोन्ही नोंदी मे महिन्यातल्या निघाल्या, किंवा 412 समोरचा सहीचा रकाना कोरा असला, तर त्या गोल शिक्क्याच्या आधारावर काय शिल्लक राहील? शिवाय नोटरी करणे म्हणजे दस्ताची नोंदणी नव्हे. महाराष्ट्रात घराचा भाडेकरार, लिव्ह अँड लायसन्ससुद्धा, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. नोटरीचे रजिस्टर कितीही काटेकोर असले तरी ती उणीव त्याने भरून निघत नाही.

तपासणीच्या मुद्द्यात मात्र थोडे तथ्य आहे. जिल्हा न्यायाधीश किंवा शासनाने नेमलेला अधिकारी रजिस्टर तपासू शकतो, नोटरीला ते दाखवावेच लागते आणि दोष आढळल्यास कारवाईसाठी शासनाकडे अहवाल जाऊ शकतो. पण नियमातली भाषा ‘वर्षातून दोनपेक्षा अधिक वेळा नाही’ अशी आहे, ‘किमान दोनदा’ अशी नाही. त्यामुळे अधिकार असूनही तपासणी क्वचितच होत असेल, तर नियमाचे उल्लंघन झाले असे म्हणता येत नाही, आणि माझ्या मते नियमातली खरी फट इथेच आहे. तरीही प्रत्येक नोटरीला आदल्या वर्षी केलेल्या कामांचे वार्षिक विवरणपत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शासनाला सादर करावे लागते, आणि रजिस्टर नीट ठेवलेले नसेल तर ते भरायचे कशावरून?

प्रतीचा मुद्दा थोडक्यात संपतो. नमुन्यात दस्ताच्या मजकुराचा रकाना आहे, आणि रकान्यात फार तर ‘नावातील बदलाबाबत प्रतिज्ञापत्र’ एवढी ओळ मावते. एखादा नोटरी स्वतःहून झेरॉक्स ठेवत असेल तर तो त्याचा चांगुलपणा आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून जशी नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित नक्कल मिळते, तशी ती इथे मिळेल असे समजून मूळ कागद बेफिकिरीने ठेवू नये.

संदेशाच्या शेवटी ‘पावती मागत बसू नका, नोटरीकडे पावती नसते’ अशीही एक ओळ आहे. घेतलेल्या फीची पावती देणे आणि फीची नोंदवही ठेवणे ही दोन्ही कामे त्याच अकराव्या नियमात आहेत, आणि रजिस्टरच्या नमुन्यात पावती पुस्तकाच्या क्रमांकासाठी वेगळा रकानाच ठेवलेला आहे. आईच्या वेळी पावती मागितल्यावर टेबलाच्या खणातून एक पुस्तक निघाले. त्याचा पुठ्ठा अजून करकरीत होता आणि आमची पावती क्रमांक तीनची होती.