‘मुदतीआधी पैसे दिले, तरी पोर्टलवर थकबाकीच’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी तुमची फाइल काढून पहिल्या कागदापासून पुन्हा पाहिली. तुम्ही लिहिलंय की परदेशातल्या विद्यापीठातली जागा राखण्यासाठीच्या डिपॉझिटचे पैसे मुदतीच्या सहा दिवस आधी तिकडे पाठवायला आमच्याकडे दिले, तरी शेवटच्या दिवशी विद्यापीठाच्या पोर्टलवर थकबाकीच दिसत होती. नंतर जी रक्कम जमा झाली तीही कमी भरली, आणि सेवाशुल्क घेऊन आम्ही हात झटकले. शिवाय विद्यापीठाच्या खात्याचा तपशील दुसऱ्यांदा मागून आम्ही तुमचा वेळ खाल्ला. शेवटचा मुद्दा सोडला तर तुमचं म्हणणं खरं आहे. माफी मागते.

पैसे गुरुवारी आले, शुक्रवारी बँकेतून निघाले, मध्ये शनिवार-रविवार गेला आणि मंगळवारी ते विद्यापीठाच्या बँकेत पोहोचले. मुदत बुधवारची होती. म्हणजे पैसे वेळेत पोहोचले, पण तुमच्या नावावर जमा झाले नाहीत. आम्ही बँकेला दिलेल्या अर्जाची प्रत आत्ता माझ्यासमोर आहे. पाठवणाऱ्याच्या जागी तुमच्या वडिलांचं नाव आहे, कारण खातं त्यांचं. आणि शेऱ्याच्या रकान्यात फक्त ‘ट्यूशन फी’. तुमचा विद्यार्थी क्रमांक कुठेच नाही. ऑफर लेटरवर तो अगदी वरच ठळक छापलेला आहे, आणि तेच पत्र अर्जाला टाचलेलं आहे. स्विफ्टच्या, म्हणजे बँका परदेशी व्यवहारांसाठी एकमेकींना पाठवतात त्या संदेशात या शेऱ्यासाठी १४० अक्षरांची जागा असते. तुमचा क्रमांक त्यात सहज मावला असता.

विद्यापीठाच्या लेखा विभागाला त्या मंगळवारी काय दिसलं असेल, तर एका अनोळखी गृहस्थांच्या नावाने आलेली रक्कम. प्रवेशाच्या दिवसांत त्यांच्याकडे अशा कितीतरी रकमा येतात आणि धनी सापडेपर्यंत त्या सस्पेन्स खात्यात पडून राहतात. पोर्टलला त्यातलं काही कळत नाही. पैसे पाठवणं आणि फी भरली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही तुम्हाला पहिल्या दिवशी बसवून सांगायला हवं होतं. तुम्ही आमच्याकडे आलात ते त्यासाठीच. बँकेत जाऊन पैसे तर तुम्हालाही पाठवता आले असते.

वडिलांच्या बँकेची पावती जोडून लेखा विभागाला ईमेल तुम्ही स्वतः केलात, तोही रात्री जागून, तिकडचं ऑफिस उघडायची वाट बघत. ते काम आमचं होतं. आमच्याकडून तुम्हाला ‘पैसे गेलेत, काळजी करू नका’ एवढाच मेसेज गेला. हातातली जागा जाते की राहते या धास्तीत असलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कमी भरलेल्या रकमेबद्दल. परदेशी पैसे पाठवताना बँकांचं शुल्क कोणी सोसायचं याचे तीन पर्याय असतात: सगळं पाठवणाऱ्याने (ओयूआर), दोघांनी वाटून (एसएचए) किंवा सगळं घेणाऱ्याने (बीईएन). तुमच्या अर्जावर एसएचएवर खूण आहे. त्यामुळे वाटेतल्या मध्यस्थ बँकेने आपलं शुल्क मूळ रकमेतूनच कापलं आणि विद्यापीठाच्या हाती तेवढी रक्कम कमी पडली. फी भरताना ओयूआर निवडायचं, कारण डिपॉझिटमध्ये किरकोळ तूट राहिली तरी पोर्टल ते ‘अपूर्ण’ दाखवू शकतं. ओयूआर निवडूनही क्वचित कपात होते, पण इथे आम्ही तो पर्यायच तुमच्यापुढे ठेवला नाही.

खात्याचा तपशील पुन्हा मागितला, त्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. तुम्ही तो ईमेलमधून आम्हाला पुढे पाठवला होता. आम्ही तुम्हाला पोर्टलवर लॉगिन करून तिथला तपशील दाखवायला सांगितलं, त्यात दुपार गेली आणि बँकेची त्या दिवशीची वेळ चुकली. पैसे गुरुवारऐवजी शुक्रवारी निघाले ते यामुळेच. तुम्हाला राग आला, तो मी समजू शकते. पण ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ अशी हुबेहूब विद्यापीठासारखी दिसणारी खोटी ईमेल विद्यार्थ्यांना येतात. आयबॅनमधले, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांकातले, दोन तपासणी अंक टायपिंगची चूक पकडतात. ते खातं खरोखर विद्यापीठाचं आहे का, हे त्यांवरून कळत नाही. चुकीच्या खात्यात गेलेली फी परत मिळवणं फार अवघड असतं. एक दिवस उशीर झाला तर मार्ग निघतो. त्यामुळे ही तपासणी यापुढेही प्रत्येकाची होईल. तुमच्या वेळी ती पैसे घ्यायच्या आधी, सकाळीच उरकायला हवी होती, इतकं मात्र खरं.

तुमचं संपूर्ण सेवाशुल्क आज परत केलं आहे. मध्यस्थ बँकेने कापलेली आणि तुम्ही नंतर वेगळी भरलेली रक्कमही त्यात धरली आहे. दोन्ही वडिलांच्या खात्यातच जातील, कारण पैसे तिथून आले होते. विद्यापीठंही परतावा सहसा ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात देतात, मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे. म्हणून पुढच्या वेळीही शक्यतो याच खात्यातून भरा, आणि ते खातं चालू ठेवा.

आमच्या अर्जात आता विद्यार्थी क्रमांकाचा रकाना भरल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. पैसे निघाले की त्या व्यवहाराचा ३६ अक्षरी यूईटीआर क्रमांक विद्यार्थ्याला त्याच दिवशी देतो. पैसे कुठल्या बँकेत अडकलेत हे त्यावरून बँकेला शोधता येतं. आणि पोर्टलवर ‘भरले’ असं दिसेपर्यंत फाइल आमच्याकडे उघडी राहते. तुमची फाइल आम्ही पैसे निघाले त्या शुक्रवारीच बंद केली होती.

राहता राहिलं ऑफर लेटर. त्यातला डिपॉझिटच्या परताव्याचा परिच्छेद एकदा शांतपणे वाचा. व्हिसा नाकारला गेला तर काय आणि तुम्ही स्वतः प्रवेश सोडला तर काय, यांचे नियम बहुतेक ठिकाणी वेगवेगळे असतात, आणि मागणी करायची मुदतही ठरलेली असते. भरलेलं डिपॉझिट पहिल्या सत्राच्या फीमधून वजा झालंय का, तेही बिल आल्यावर बघा. झालेलं नसेल तर आमच्याकडे काम दिलं असो वा नसो, मला थेट फोन करा. पावती आणि यूईटीआर दोन्ही मी तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावून ठेवले आहेत.