काटा लालात गेलाय? जाऊ दे की!

व्हॅन गरम व्हायला लागली की लगेच घाबरायचं काही कारण नाही. एप्रिल महिना आहे, कोल्हापूर आहे, गाडी डिझेलची आहे, तापणारच. तापमानाच्या काट्याकडं बघत गाडी चालवणारी माणसं वेगळी असतात. ती घरात दूधसुद्धा उतू जाऊ देत नाहीत.

तरी दुखणं शोधायचंच असेल, तर एक पथ्य पाळा. गाडी नेमकी कधी तापते, हे चुकूनही लक्षात ठेवू नका. शिरोली नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये उभी असताना काटा चढतो आणि हायवेला लागली की उतरतो, एवढं ध्यानात आलं तर सगळा खेळच संपला. संशय सरळ पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या फॅनवर जातो. फ्यूज, रिले, मोटर, जुनी गाडी असेल तर फॅनला इंजिनाशी जोडणारा व्हिस्कस क्लच, एवढं बघून माणूस तासाभरात मोकळा! उलट गावात शहाण्यासारखी वागते, पण माणसं खचाखच भरून केर्लीतनं जोतिबाचा चढ लागला की उकळते, मग वाऱ्याचा प्रश्न नाही. रेडिएटर चोंदलाय नाहीतर पाणी पुरेसं फिरत नाही. म्हणून मिस्त्रीनं "कधी तापतीय?" असं विचारलं, तर "कवाबी तापतीय बघा मामा" एवढंच सांगावं. त्यांचंही घर चालायला पाहिजे.

खरं निदान चहाच्या गाड्यावरच होतं. तिथं बॉनेट न उघडता रोग कळतो. एक जण वॉटर पंप म्हणेल, दुसरा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील), तिसरा म्हणेल "इंजिनच उतरव भावा, नाद सोड." यातला प्रत्येक जण आपापल्या गाडीचं शेवटचं बिल वाचून दाखवत असतो, हे मनात आणायचं नाही.

आणि एक जण हमखास म्हणेल, "वॉल काढून टाक." हा सल्ला शिरसावंद्य माना. हा वॉल म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवणारा; तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. तो अडकलाय का, हे बघायला पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडला तरी पुरतं. पण एवढ्यासाठी घरातलं पातेलं कोण मागणार? काढूनच टाका. मग थंडीत इंजिन तापता तापत नाही आणि डिझेल जास्त पितं. काही इंजिनांत तर तोच वॉल रेडिएटरला वळसा घालणारी बायपासची वाटही बंद करत असतो. तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता आतल्या आत फिरतं आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त तापते. तेव्हा परत चहाच्या गाड्यावर जावं.

कूलंटचं, म्हणजे रेडिएटरात ओतायच्या तयार द्रवाचं, तर नावच काढू नका. पंचगंगेच्या काठच्या माणसानं पाणी विकत आणायचं? बोअरचं ओता. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतील, पण फुकटात बसतील.

आता मुख्य मुद्दा, रेडिएटरचं झाकण. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळणार. झाकणानं दाब धरला तर तेच पाणी ११८-१२० पर्यंत दम काढतं. झाकणाचं रबर चिरलं की दाब गेला, आणि धडधाकट इंजिनही चढावर वाफ सोडतं. सगळ्या यादीत सगळ्यात स्वस्त वस्तू हीच, म्हणून ती सगळ्यात शेवटी बदलायची; आधी हेड. झाकण उघडायचं ते मात्र काटा लालात असतानाच, "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणून. थंड होईपर्यंत थांबणाऱ्यांना वाफेचं कारंजं बघायला मिळत नाही, आणि सरकारी दवाखान्यात हाताला मलम लावून निवांत पडायलाही मिळत नाही.

मधेच काटा धाडकन खाली आला, तर देवाचे आभार माना आणि रेटा गाडी. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरं बोलतो. पाणीच उरलं नाही की तो मोकळ्यावर पडतो आणि सगळं थंड असल्याचं कळवतो. इतकी चांगली बातमी सहसा हेड वाकायच्या आधीच येते.

गळती कुठं दिसत नाही, तरी पाणी कमी होतंय? सकाळी थंड इंजिन चालू केल्या केल्या रेडिएटरची वरची रबरी नळी (होज) फुगून कडक होतेय? कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत राहतात? तिकडं बघूच नका. बघितलं तर गॅस्केटमधनं सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय हे उगाच कळेल. पुढं हेड उतरलंच, तर ते सपाट आहे का, चीर गेलीय का, हे उद्यमनगरात तपासून देतात. कोल्हापुरात गाड्यांच्या कंपन्यांसाठी इंजिनांचे ब्लॉक ओतले जातात, त्यामुळं असल्या कामाला दुसऱ्या गावी जायची गरज नाही. म्हणूनच आपण उद्यमनगरातही जात नाही. नवीन गॅस्केट टाका, बोल्ट अंदाजानं आवळा. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं बोल्ट आवळायचा पाना, मनगटात दम नसलेल्यांसाठी असतो. तालमीत घुमलेल्या हाताला त्याचं काय?

एवढं करूनही भागलं नाही, तर व्हॅन विकायला काढा. 'इंजिन सीलबंद, एकदम लई भारी' असं लिहून टाका. गिऱ्हाईक पहाटे बोलवा, थंड हवेत रंकाळ्याला एक फेरी मारून द्या. जोतिबाला नेऊन दाखवा म्हणाला, तर सांगा, आज रविवार, वर लई गर्दी असतीय.