स्पंजाचं विरजण

आमच्या घरात पहिला फिशटँक दोन वर्षांपूर्वी आला आणि आठ दिवसांत गॅलरीत गेला. दुकानदार म्हणाला होता, "पाणी भरा, मासे सोडा, संपलं." त्याचं शेवटचं एक वाक्य तेवढं खरं ठरलं. दहा गोल्डफिश होते. नवव्या दिवशी चिरंजीवांनी, वय वर्षं सहा, विचारलं, "बाबा, आपण खुनी आहोत का?"

या वेळी मात्र मी अभ्यास केला. मासे त्यांच्याच घाणीतल्या अमोनियाने मरतात. तो अमोनिया खाणारे जिवाणू टाकीत आधी वसवावे लागतात. नायट्रोसोमोनास नावाची मंडळी अमोनिया खाऊन नायट्राइट टाकतात. तेही विषच, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग नायट्रोस्पायरा हे उष्टं खातात आणि बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट मागे ठेवतात. ते नायट्रेट टाकीतली झाडं शोषतात, उरलेलं आपण पाणी बदलून काढायचं. अमोनियावर पोट भरणारे जीव असतात हे विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास दाखवून दिलं. आमच्या दुकानदारापर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

रिकाम्या टाकीत ही वस्ती आपोआप व्हायला चार ते सहा आठवडे जातात. जुन्या, चालत्या टाकीतला फिल्टरचा मळका स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये घातला तर काम आठवड्या-दोन आठवड्यांत होतं, कारण जिवाणू पाण्यात फारसे नसतात, स्पंजाला चिकटून असतात.

हे सगळं मी आईला दहा मिनिटं समजावलं. ती भाजी निवडत म्हणाली, "म्हणजे विरजण आणायचंय."

माझ्या दहा मिनिटांचा असा एका शब्दात निकाल लागला.

विरजण डोंबिवलीच्या मित्राकडे होतं. ऑफिस सुटल्यावर गेलो तर नेमकी तिन्हीसांज. मित्राची आई दारातच म्हणाली, "या वेळेला घरातलं दही, मीठ, विरजण कुणाला देत नाहीत."

"काकू, स्पंज आहे तो."

"तूच म्हणालास ना फोनवर, विरजण न्यायला येतोय?"

उपमा जपून वापराव्यात. शेवटी पोहे खाऊन झाल्यावर काकूंनी तोडगा काढला: देऊ नये असं शास्त्र आहे, तुझं तू काढून घेतलंस तर त्याला आमचा इलाज नाही. मी बाह्या सरसावून त्यांच्या टाकीतून स्पंज चोरला. सोबत संत्र्याच्या जाळीच्या पिशवीत त्याच फिल्टरमधल्या मूठभर सिरॅमिकच्या रिंगा, त्यांनाही जिवाणू चिकटलेले. सगळं त्याच टाकीच्या पाण्यात, डब्यात, आणि झाकण सैल. जिवाणूंना हवा लागते आणि वाळले तर ते मरतात.

सैल झाकणाचा डबा लोकलमध्ये मांडीवर घेऊन बसणं ही गोष्ट प्रत्येकाने एकदा करावी. कोपरला पहिला ओघळ आला. समोरच्या काकांनी नाक उडवलं. "सुकट का?"

"नाही, स्पंज आहे. जिवंत."

ठाण्यापर्यंत माझ्या शेजारची सीट रिकामी राहिली. मध्य रेल्वेवर संध्याकाळी! हा फायदा कुठल्याच माहितीत दिलेला नव्हता.

घरी आल्यावर फिल्टरवर पाटी लावली: 'स्पंज नळाखाली धुवू नये. क्लोरीनने जिवाणू मरतात. हुकमावरून.' रोख अर्थातच आईकडे होता. मळकी वस्तू दिसली की तिचे हात शिवशिवतात.

पुढचा प्रश्न, मासे नसताना जिवाणूंना जेवण कुठून? तर रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, ते कुजतं, अमोनिया होतो. मी सकाळ-संध्याकाळ त्या छप्पन्न लिटर पाण्याला भक्तिभावाने जेवू घालू लागलो. शेजारच्या वहिनी एकदा बराच वेळ काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

"मासे दिसत नाहीत?"

"अजून यायचेत."

"मग खातंय कोण?"

"दिसत नाहीत ते."

त्या दिवसापासून वहिनी माझ्याशी फार मायेने बोलतात.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. नव्या टाकीत हे होतं, आपोआप निवळतं. आईने लांबूनच निदान केलं, "नासलं." मी रोज परीक्षानळीत टाकीचं पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून रंग बघत होतो. अमोनिया हिरवा, नायट्राइट जांभळा. एकदा पाहुण्यांसमोर नळी उजेडात धरून "जांभळा आला!" असं ओरडलो. पाहुण्यांनी बायकोला आत नेऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना.

सहाव्या दिवशी अमोनियाची नळी पिवळी झाली, म्हणजे शून्य. फक्त फिल्टरची धार बारीक झाली होती. स्पंज तुंबला असणार. काढला, नळाखाली धरला आणि छान पिळला. दोन वेळा. तपकिरी पाणी निघून गेलं, स्पंज लिंबासारखा पिवळाधमक झाला. मागे बघतो तर आई चष्मा लावून पाटी वाचत होती. मोठ्याने.

"...हुकमावरून," तिने शेवट केला. "कुणाच्या रे?"

टाकीतलं पाणी बादलीत काढून त्यात हलकेच पिळायचं असतं, हे मला पाठ होतं. हाताला पाठ नव्हतं. रिंगा मी धुतल्या नव्हत्या, म्हणून बियाणं तेवढं उरलं. पण दही रातोरात लागतं, आणि हे जिवाणू एकाचे दोन व्हायलाच सुमारे एक दिवस घेतात. आमचा आठवडा एकोणीस दिवसांचा झाला.

दरम्यान चिरंजीवांना टाकीत कोणीतरी सापडलं होतं. स्पंजाबरोबर डोंबिवलीहून विनातिकीट आलेली, हरभऱ्याएवढी गोगलगाय. त्याने तिचं नाव दगडू ठेवलं. शाळेतली मुलं दगडूला बघायला येऊ लागली. वहिनींचा जीव भांड्यात पडला. खाणारं कोणीतरी होतं.

विसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेटची नळी नारिंगी, म्हणजे नायट्रेट तयार होतंय. मी सहा झेब्रा डॅनिओ आणले, पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळू दिलं, दुकानाचं पाणी गाळून मासे तेवढे आत सोडले, घरच्यांना गोळा केलं. मासे चमकत इकडून तिकडे पळाले. मी चिरंजीवांकडे बघितलं.

"छान आहेत," तो म्हणाला. "पण ते दगडूला त्रास देणार नाहीत ना?"

काल काचेवर जेलीसारखा एक ठिपका दिसला. भिंग लावलं तर आत पंचवीस-तीस अंडी. या गोगलगायींमध्ये नर-मादी एकाच देहात असतात, जोडीदारावाचून अडत नाही. आईने वाकून बघितलं आणि म्हणाली, "विरजण लागलं हो."