सिमेंटच्या गोणीमागे किती गेले, सिद्ध करा!

सिमेंट कंपन्यांनी ठरवून भाव चढवले, त्याची भरपाई मागायला काल फोर्टात वकिलाकडे गेलो आणि पाऊण तास ताटकळलो. एसी हाडं गोठवणारा, पाण्याला कुणी विचारलं नाही. शेवटी माझ्या धाकट्याच्या वयाचा एक पोरगा बाहेर आला आणि म्हणतो, "काका, क्लेम इंटरेस्टिंग आहे." अरे, माझे पैसे गेलेत! तुला कसलं इंटरेस्टिंग?

मग यादी सुरू. २०१० आणि २०११ ची ओरिजिनल बिलं, एकूणएक. चलनं. बँकेची स्टेटमेंटं. शिवाय कंपन्यांनी संगनमत केलंच नसतं तर त्या दिवशी गोणी केवढ्याला पडली असती, तेही आकड्यानिशी. म्हणजे जो भाव कधी लागलाच नाही त्याचा पुरावा मी आणायचा! वर परत, "काका, वाढलेले पैसे तुम्ही गिऱ्हाइकाकडून काढले नाहीत ना? काढले असतील तर नुकसान त्यांचं धरतात." लालबागच्या चाळीचं काम होतं ते, रेटवर आधीच सह्या झालेल्या. तो सेक्रेटरी नळाच्या वायसरचा हिशोब मागायचा, त्याच्याकडून काढणार? माझं डिपॉझिटसुद्धा त्यानं दोन वर्षं दाबून ठेवलं होतं, भिंतीला ओल आली म्हणून. ओल वरच्याच्या मोरीची!

तेव्हा पाच सिमेंट डीलरना फोन लावले होते मी. पाचही जणांचं उत्तर एकच, "वरून रेट आलाय, शेठ."

२०१२ ला कॉम्पिटिशन कमिशननं, म्हणजे कंपन्यांच्या संगनमतावर नजर ठेवणाऱ्या सरकारी आयोगानं, सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींच्या वर दंड ठोकला तेव्हा मी साइटवर पेढे वाटले. दंड सरकारच्या तिजोरीत जातो हे पेढे संपल्यावर कळलं. बरं, तोही सुखासुखी नाही. २०१५ ला अपिलात ऑर्डर रद्द, २०१६ ला कमिशनचा पुन्हा दंड, २०१८ ला अपिलात तो कायम, की कंपन्या चालल्या सुप्रीम कोर्टात. आपल्याला भरपाई हवी तर कॉम्पिटिशन कायद्याच्या कलम ५३-एनखाली वेगळा अर्ज, आणि तो दिल्लीला. माझी दादरला जायची मारामार!

तावातावानं घरी आलो, म्हटलं माळ्यावरची बिलं काढ. ही कांदा चिरता चिरता म्हणाली, "मागच्या दिवाळीत तुम्हीच म्हणालात ना, कचरा काढून टाक?"

म्हणालो होतो. माळ्याखाली उभा राहून, ओरडून. अकरा किलो भरली रद्दी. आमच्या गल्लीत रद्दीवाले तीन आणि तिघांचा भाव एकच, तो मी मुकाट घेतला. त्या पैशांची भजी खाल्ली.

एक पिशवी राहिली असेल म्हणते, जुन्या पंख्याच्या खोक्यामागे. शिडी शेजारच्यांकडे आहे. ते गणपतीला गावाला गेलेत.